हलका झालेला पाट

आषाढ उतरणीला लागला की कर्जतच्या बाजारामागच्या गल्लीत ओल्या मातीचा आणि ताज्या रंगाचा एकत्र वास येऊ लागतो. गणपतीच्या कारखान्याच्या पडवीत पाट जमायला लागतात. कुणाचे नवे गुळगुळीत, कुणाचे तेल पिऊन काळे झालेले, आणि प्रत्येकावर खडूने आडनाव व गाव. रेवा, ईशान, तुमच्याकडे मेलबर्नला गणपती दुकानातून बैठकीसकट येतो, म्हणून हे सांगते. आमच्याकडे देवाआधी पाट जातो. घरचा पाट कारखान्यात द्यायचा, मूर्तिकाराने त्याच्यावरच मूर्ती घडवायची आणि चतुर्थीला पाटासकट देव घरी आणायचा.

काल कारखान्यातल्या नानांचा फोन आला. "काकू, पाट कधी देताय?" दरवर्षीचाच प्रश्न. फोन ठेवला आणि सवयीने माळ्याकडे बघितलं. मग आठवलं, की माळ्यावर आता पाट नाही. गेल्या वर्षीचा सगळा पावसाळा माझा असाच गेला, चुकीच्या जागी बघण्यात.

आमचा पाट आप्पांनी चौक गावाहून आणला होता. आप्पा म्हणजे माझे सासरे, तुमच्या बाबांचे आजोबा. हायवे रुंद झाला तेव्हा चौकचं जुनं घर रस्त्यात गेलं. धाकटे चिरंजीव, म्हणजे माझे दीर बाळू भावजी, यांनी मागच्या शेतात घर बांधलं आणि पुढे गॅरेज टाकलं. आप्पा मोठ्या मुलाकडे, आमच्याकडे कर्जतला आले. टेंपोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून, मांडीवर पाट घेऊन. भांडी मागे, गाद्या मागे, पाट मांडीवर. उतरल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "पाट जिथं, गणपती तिथं." तेव्हापासून आमच्या घरात हा कायदा झाला. तो पाट सागाचा, शेताच्या बांधावरच्या सागाचा, हेही त्यांनीच सांगितलं होतं. पुढे कुणी नुसतं 'पाट' म्हणायचंच नाही, 'सागाचा पाट' असं एका दमात म्हणायचं.

वर्षातून दोनदाच त्याला हात लागायचा. आषाढात काढताना आणि विसर्जनानंतर ठेवताना. एरवी लाल फडक्यात गुंडाळलेला, माळ्यावर, भिंतीला टेकून. त्यावर बसायचं नाही, काही ठेवायचं नाही, उगाच उघडायचा नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, सोवळंओवळं मला लग्नानंतर शिकावं लागलं आणि नीटसं जमलंही नाही. पण एखाद्या वस्तूची जागा ठरवायची आणि मग तिला हलवायचं नाही, हे मात्र मला मनापासून पटलं. घरातल्या इतर रीतींबद्दल मी तुमच्या आजोबांशी वाद घातला, हिच्याबद्दल कधी नाही. पाटाशेजारी मी माझे खोके रचले. जुनी मासिकं, तुमच्या बाबांची शाळेची पुस्तकं, दिवाळीचे कंदील. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी. माझा माळा बघून शेजारणी म्हणायच्या, "तुमच्याकडं काय, डोळे मिटून वस्तू सापडेल." सापडायचीही. डोळे उघडून बघायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

गेल्या आषाढात स्टुलावर चढून मी पाट ओढला आणि तो अलगद हातात आला. दरवर्षी मला तो कठड्यावर टेकवून, दम खाऊन उतरवावा लागायचा. त्या दिवशी तो पुठ्ठ्यासारखा आला. तुम्हाला हसू येईल, पण मला आधी वाटलं की सकाळच्या चालण्याचा गुण आला, या वयात माझ्या हातात बळ आलं. मग वाटलं, जुनं लाकूड वाळतं, हलकं होतच असेल. फडक्यातून थोडी तांबूस माती सांडली. ती मी सुपलीत भरून बाहेर टाकली आणि फरशी पुसून घेतली. पाट कोरड्या कापडाने पुसला, हळदकुंकू लावलं आणि रिक्षाने कारखान्यात नेऊन दिला. वरून बघाल तर पाट जसाच्या तसा होता. कडा शाबूत, मधला कुंकवाचा डाग शाबूत.

दुसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. "काकू, जरा येऊन जाता का?" आवाज असा, जसा मुलाच्या खोड्या सांगायला शाळेतून यावा. गेले, तर बाकीचे पाट पडवीत रांगेने आणि आमचा अंगणाच्या टोकाला, पत्र्याखाली, विटेवर एकटा ठेवलेला. डोक्यात उवा झालेल्या पोरीला वेगळ्या बाकावर बसवावं तसा.

नानांनी त्याच्यावर बोटाने टकटक केलं. मग शेजारच्या कुणाच्या पाटावर केलं. दोन्ही आवाज मी ऐकले. आमचा आवाज रिकाम्या डब्याचा होता.

"वाळवी?" मी विचारलं.

"असावी," नाना म्हणाले. "मातीची मूर्ती आहे काकू, वजन धरायचा नाही हा. आणि दुसऱ्यांचे पाट आहेत माझ्याकडे. राग मानू नका."

"अहो, पण सागाला वाळवी लागते का?"

"नाही लागत म्हणतात." त्यांनी पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लागतही असेल. मला मातीतलं कळतं, लाकडातलं नाही."

रिक्षात मांडीवर पाट घेऊन परत आले. आप्पांची आठवण आली. तेही असेच बसले होते, पण ते आणत होते. मी परत नेत होते.

घरी येऊन मी एकेक आठवू लागले, आणि जे जे आठवलं त्याचा त्या वेळी मी भलताच अर्थ लावला होता. पावसाळा लागताना एका संध्याकाळी दिव्याभोवती किडे जमले होते आणि सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर पंखांचा ढीग पडला होता. मुंग्यांना पंख फुटतात तसंच काहीतरी, असं म्हणून मी झाडून काढले. नंतर वाचलं, की उडत्या मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात आणि तिची कंबर बारीक असते. वाळवीचे चारी पंख सारखे, कंबर अशी नाहीच. ते पंख सारखे होते का? असतील. मी सुपलीकडे बघत होते, पंखांकडे नाही. कोठीच्या खोलीत कपाटामागून पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची रेघ वर गेली होती. कुंभारीण माशी घर बांधते ना, तिचंच काम समजून मी ती तशीच ठेवली. माशीला घर बांधू द्यावं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. माळ्याच्या चौकटीचा रंग एका जागी फुगला होता, तो मी ओलीचा समजले. दार घट्ट बसायला लागलं होतं, ते पावसात फुगलं समजले. प्रत्येक खुणेला माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि प्रत्येक उत्तर वेगळं होतं. सगळ्यांना मिळून एकच उत्तर असेल, हे मनातही आलं नाही.

त्या रेघेचा मधला तुकडा मी उलथन्याने खरवडला. आत पोकळ नळी निघाली. दोन-चार दिवसांनी बघितलं तर तुटलेला भाग ताज्या, ओल्या मातीने बुजवलेला. हे तुम्ही लक्षात ठेवा. नळी जुनी, सोडून दिलेली आहे की चालू आहे, हे कळायला याहून सोपा उपाय नाही. मला मात्र कळल्याचं समाधान झालं नाही. माझ्या घरात, माझ्या कपाटामागे, कुणीतरी माझ्यापेक्षा नेमाने काम करत होतं. त्यांचा राग यावा की काय यावं, ते समजेना.

बातमी चौकला पोचायला वेळ लागला नाही. बाळू भावजी आणि त्यांची बायको सुमन स्कूटरवरून आले. माझी जाऊ असली तरी सुमन मला ताई म्हणते. भावजींनी अंगणातल्या पाटाकडे बघितलं, चहा घेतला आणि मग ज्याची मी वाट बघत होते ते बोलले.

"वैनी, दादा गेल्यापासून मी सांगतोय. एकटीनं किती वढायचं? गणपती आमच्याकडं येऊंदे. आता तर पाटच ऱ्हायला नाय."

"म्हणजे वाळवीने तुमची बाजू घेतली," मी म्हणाले.

"तसं नाय. आमी तुमच्या भल्याचंच बोलतोय."

"भल्याचं काय," सुमन म्हणाली. "ताईकडं मोदक आयते मिळतात. आपल्याकडं आला तर मला करावं लागतील. मला नका इचारू."

ती माझ्या बाजूने बोलली की खरंच मोदकांचं बोलली, देव जाणे. भावजींचंही तेच. त्यांना माझी काळजी होती, की वडिलांचा देव आपल्या घरी हवा होता? दोन्ही असेल. माणसाला एका वेळी दोन गोष्टी वाटू शकतात, हे मला कळतं. पण त्या दिवशी मला एकच काहीतरी हवं होतं, म्हणजे तसं उत्तर देता आलं असतं. पाट जिथं, गणपती तिथं. आणि पाट अंगणात विटेवर पडलेला. तुमचे बाबा तिकडे, तुमचे आजोबा नाहीत, आणि वर्षातले ते पाच दिवस गेले तर या घरात उरलं काय? खोके आणि खोक्यांवरच्या चिठ्ठ्या.

भावजी गॅरेजवाले, त्यांना हातात काहीतरी धरल्याशिवाय बसवत नाही. स्कूटरच्या डिकीतून स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी पाट उलटा केला आणि टोचला. टोक खारी बिस्किटात जावं तसं आत गेलं. आतून माती, भुसा आणि पांढरे, आंधळे जीव, उजेडाने गडबडलेले. सुमन मागे सरली. भावजींनी लाकडाची कपची मोडून नाकाशी नेली, मग नखाने खरवडली, मग पुन्हा नाकाशी नेली.

"ह्यो साग नाय."

"काय बोलता? आप्पा सांगायचे ना," मी म्हणाले.

"सागाला वास असतो. ह्यो आंबा हाय."

"मामंजींनी सांगितलं म्हणजे सागच असणार," सुमन म्हणाली. "वाळवीला कुठं सांगितलं होतं ते."

भावजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "आप्पा खोटं का बोलतील गं?" असं ते सुमनला म्हणाले, पण विचारत मलाच होते. मला काय माहीत. मी त्या घरात आले तेव्हा पाट आधीपासून सागाचाच होता.

मग त्यांनी खालच्या दोन आडव्या पट्ट्या तपासल्या, ज्यांवर पाट उभा राहतो. तिथे स्क्रू ड्रायव्हर आत जाईना. खरवडल्यावर आतून तपकिरी, तेलकट लाकूड निघालं आणि या वेळी वास मलाही आला. पट्ट्या सागाच्या होत्या. त्यांत दोन जातींचे खिळे होते. काही जुने, लोहाराने ठोकलेले चौकोनी, तुटून आतच राहिलेले. काही बाजारातले गोल.

भावजींनी दोन्ही जातींच्या खिळ्यांवरून बोट फिरवलं. "म्हंजे वरची फळी कदी तरी बदललीय. आप्पांनी, नायतर त्यांच्या बानं. आन कुणाला सांगितलं नाय."

"का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"काय ठावं."

आजही ठाऊक नाही. त्या वेळीही वाळवीच लागली असेल का? की फळी तडकली? आप्पांना माहीत होतं, की त्यांनाही कुणी सागाचाच म्हणून दिला होता? मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा ते कसला पाट घेऊन बसले होते? मी ही कोडी सोडवायला बसते आणि कुठेच पोचत नाही. एवढं मात्र झालं, की भावजी जाताना गणपतीचं काही बोलले नाहीत. दोन्ही पट्ट्या काढून, पेपरात गुंडाळून घेऊन गेले. विचारलं तर म्हणाले, "बघतो."

त्या आठवड्यात वाळवीचं औषध मारणारा माणूस आला. त्याने जमिनीच्या कडेने भिंतीलगत भोकं पाडली, औषध सोडलं आणि सिमेंटने बुजवलं. देवघराशी येऊन थांबला. "इथे पण मारू ना?" मी हो म्हणाले, मग नको म्हणाले, मग देव उचलून ताटात ठेवले आणि हो म्हणाले. मागच्या अंगणात गेला तेव्हा न्हाणीघराच्या चुलीची लाकडं ताडपत्रीखाली भिंतीला टेकून रचलेली बघून तो बराच वेळ मान हलवत राहिला. आपल्या भागात पावसाळ्याआधी लाकूडफाटा असाच रचतात, भिंतीला लावून, म्हणजे भिजत नाही. वाळवीला मात्र तो जमिनीतून घरात चढायला जिनाच होतो. आता लाकडं भिंतीपासून लांब, लोखंडी घोडीवर आहेत. नळाची गळती बंद केली. जोत्याची कड चारी बाजूंनी उघडी ठेवते, म्हणजे मातीची रेघ चढली तर दिसेल. पुठ्ठ्याचे खोके गेले, पत्र्याचे डबे आले. चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या, तेवढं सुटत नाही.

जुन्या फळीचं काय करायचं, यावर तर दोन माणसांचं एकमत होईना. सुमन म्हणाली नदीत सोडा, नाना म्हणाले जाळा, औषधवाला म्हणाला कुठेही ठेवा पण घरात नको. शेवटी मी ती अंगणात जाळली, आणि जाळताना हात जोडावे की नाही हे न समजून एकदा जोडले आणि एकदा सोडले.

रेवा, तेव्हाच एका रविवारी तू फोनवर होतीस. मी तुला पांढरे किडे दाखवले आणि तू म्हणालीस, "आजी, आमच्याकडे वर्षातून एकदा माणूस येतो, टॉर्च घेऊन सगळीकडे बघतो, अटिकमध्येपण. तुमच्याकडे कोण येतं?"

मी "कुणी नाही" म्हणणार होते. पण तोंडून निघालं, "गणपती येतो."

तू हसलीस. मी फोन ठेवला. खरंच, दुसरं कोण येतं? वर्षातून एकदा पाट काढायचा म्हणून मी माळा उघडते. मखर मांडायचं म्हणून कपाट सरकवते, जाजम धुवायचं म्हणून कोठी आवरते. गेल्या वर्षी गणपती आधीच चौकला गेला असता तर पाटही गेला असता, माळा बंदच राहिला असता आणि एक दिवस चौकट हातात आली असती. पण मग हेही खरं, की माळा इतका बंद राहिला तो देवाच्याच पाटामुळे. ज्याला हात लावायचा नाही म्हणून आम्ही जपलं, ते आतून गेलं. ज्याच्यामुळे हात लावावा लागला, त्याने घर वाचवलं. आणि हे दोघे एकच. इथे माझी इंग्रजी शाळा संपते. तुम्ही मोठे झालात की मला समजावून सांगा.

हा विचार मी भावजींना फोनवर सांगायचा प्रयत्न केला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "वैनी, तुमी लई शिकलेल्या. मला एवढं कळतं, की पाट नानाकडं दिलाय."

"कसला पाट?"

"आपला."

मी कारखान्यात गेले. पडवीत, बाकीच्यांच्या रांगेत, एक नवाकोरा जाड पाट होता. खाली त्या दोन जुन्या पट्ट्या. वर खडूने आडनाव होतं आणि गाव कर्जत. नानांना विचारलं तर म्हणाले, "मी नाही लिहिलं. असाच आला."

तो गणपती गेल्या वर्षी माझ्याकडे आला आणि पाच दिवस राहिला. सुमनने मोदक केले, माझ्या घरी येऊन. विसर्जनानंतर मी पाट लाल फडक्यात गुंडाळायला घेतला, तर भावजींनी फडकं हातातून काढून घेतलं आणि गॅरेजच्या पोरांना हाताशी घेऊन पाट पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी, पत्र्याच्या डब्यावर उभा केला. "हितं ऱ्हाऊंदे. येता-जाता दिसंल." पाहुण्यांना ते विचित्र वाटतं. मलाही वाटतं. पण मी येता-जाता त्याच्यावर टकटक करते, आणि तो मुका, भरीव आवाज देतो. कधी कपडे वाळत घालायला निघालेली असते, कधी दूध घ्यायला. आप्पांनी हे बघितलं असतं तर काय म्हणाले असते, कुणास ठाऊक. कदाचित त्यांनीही कधीतरी अशीच टकटक करून बघितली असेल आणि मग कुणाला न सांगता सुतार गाठला असेल.

आज सकाळी मी तो उचलायला गेले आणि जागचा हलवता आला नाही. चौकला फोन केला. भावजी गॅरेज पोरांवर टाकून लगेच आले, हाताला ग्रीस तसंच.

"कसलं लाकूड घातलंय, भावजी? साग आहे का?"

"ते वाळवीला इचारा."

"खरं सांगा."

"लाकूड हाय वैनी. चांगलं हाय." त्यांनी चड्डीला हात पुसले आणि पाटाची एक बाजू धरली. दुसरी मी धरली. दोघांनी मिळूनही तो जेमतेम उठला. माझा गणपती नेऊ पाहणारा हा माणूस, आणि मला कळेना की त्याने हे काय केलंय.

"इतका जड कशाला केलात हो? मी एकटीने कसा उचलायचा?"

"एकटीनं उचलायला नायच केलेला," भावजी म्हणाले. "धरा नीट. उंबरा हाय."